जेधे शकावलीतील मित्या आणि संगणकीय दिनदर्शिका : कालनोंदींच्या पुनर्प्राप्तीचे काही प्रश्न

ऐतिहासिक साधनांच्या अभ्यासात कालनिश्चितीला पायाभूत स्थान आहे. घटना कोणती, हे समजले तरी ती केव्हा घडली, हे निश्चित झाल्याशिवाय तिचा इतर घटनांशी असलेला कार्यकारणसंबंध मांडता येत नाही. मराठी साधनांत काळाच्या नोंदी विपुल आहेत. मात्र त्या ज्या पद्धतींनी लिहिल्या गेल्या, त्या आज व्यवहारातून गेलेल्या आहेत. शुहूर सन, राज्याभिषेक शक, फसली सन, हिजरी महिने, घटी-पळांची वेळ या साऱ्यांचे वाचन हे एका अर्थाने बंद पडलेल्या यंत्रातील माहिती बाहेर काढण्यासारखेच आहे. गेल्या तीन-चार दशकांत या प्रश्नाला आणखी एक पदर जोडला गेला. कागदावरून संगणकावर उतरवलेल्या नोंदीही आज्ञावली कालबाह्य झाल्या की तितक्याच दुर्बोध होतात. भोर-वेल्हे परिसराशी निगडित असलेल्या जेधे शकावलीच्या आधारे या दोन्ही पुनर्प्राप्तींतील साम्य व धोके स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

साधन आणि त्याचा प्रदेश

आजच्या भोर तालुक्यातील कारी हे रोहिड खोऱ्याच्या जेधे देशमुखांचे गाव. रोहिडा किल्ला याच खोऱ्यात आहे. शेजारच्या वेल्हे भागात तोरणा व राजगड हे किल्ले असून जुन्या विभागणीनुसार हा प्रदेश मुख्यतः गुंजण मावळात मोडत असे. राजगड ही रायगडापूर्वीची स्वराज्याची राजधानी. १६५९ मध्ये अफजलखानाच्या स्वारीप्रसंगी कान्होजी जेधे शिवाजी महाराजांच्या बाजूने ठाम उभे राहिले, तर त्याच रोहिड खोऱ्यातील उत्रौळीचे खंडोजी खोपडे खानाला मिळाले. वतनदार घराण्यांचे असे परस्परविरोधी हितसंबंध असलेल्या प्रदेशात कागदपत्रे जपून ठेवणे ही केवळ हौस नव्हती; वतनाच्या हक्काचा तो पुरावा होता. करीने, महजर, निवाडे आणि शकावल्या या गरजेतून निर्माण झाल्या व टिकल्या.

जेध्यांच्या दप्तरातील शकावली १९०७ मध्ये लोकमान्य टिळकांच्या हाती आली. मधल्या काळात, १९०८ ते १९१४ या वर्षांत, टिळक मंडालेच्या कारावासात होते. १९१६ मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळाच्या चतुर्थ संमेलनवृत्तात त्यांनी ती प्रसिद्ध केली. पुढे १९२५ मध्ये द. वि. आपटे आणि स. म. दिवेकर यांनी संपादिलेल्या ‘शिवचरित्रप्रदीप’ या ग्रंथात तिचा समावेश झाला. शके १५४० ते १६१९, म्हणजे इसवी सन १६१८ ते १६९७, या सुमारे ऐंशी वर्षांतील घटनांच्या त्रोटक नोंदी तिच्यात आहेत. वाङ्मयीन अलंकरण नाही, कथन नाही. संवत्सर, मिती, वार आणि घटना एवढाच मजकूर. हाच कोरडेपणा तिचे बळ ठरला.

शिवजन्माची मिती : नोंदीतील अंतर्गत पडताळा

जेधे शकावली प्रसिद्ध होण्यापूर्वी शिवजन्माची रूढ मिती वैशाख शुद्ध २, शके १५४९ ही होती; तिला बखरींचा आधार होता. जेधे शकावलीने फाल्गुन वद्य ३, शके १५५१, शुक्ल संवत्सर, शुक्रवार, हस्त नक्षत्र अशी वेगळी नोंद पुढे आणली. दोन मित्यांत सुमारे तीन वर्षांचे अंतर आहे. कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारता’ने आणि जोधपूर येथील कुंडलीसंग्रहाने शके १५५१ च्या पक्षाला पुष्टी दिली. मात्र बाह्य पुरावा बाजूला ठेवूनही जेधे शकावलीतील नोंदीची एक विशेषता लक्षात घेण्याजोगी आहे. ती स्वतःच स्वतःची तपासणी करू देते.

संवत्सरांचे चक्र साठ वर्षांचे आहे. दक्षिणेतील रीतीने शके १५४९ हे चक्राचे पहिले, म्हणजे प्रभव संवत्सर, १५५० विभव, १५५१ शुक्ल. नोंदीतील आकडा आणि संवत्सराचे नाव जुळते. फाल्गुनी पौर्णिमेच्या सुमारास चंद्र पूर्वा किंवा उत्तरा फाल्गुनीजवळ असतो. त्यानंतर दोन-तीन दिवसांनी तो हस्तात येणे स्वाभाविक आहे. तिथी आणि नक्षत्र जुळते. आता वार. शकाचे आकडे इसवी सनात बदलताना सामान्यतः ७८ मिळवतात. परंतु जानेवारीपासून पुढच्या गुढीपाडव्यापर्यंतच्या मित्यांसाठी ७९ मिळवावे लागतात. त्यानुसार १५५१ मध्ये ७९ मिळवून १६३० येते आणि ही मिती ज्यूलियन पद्धतीने १९ फेब्रुवारी १६३० ला पडते. त्या दिवशी शुक्रवारच होता. एका नोंदीतील संवत्सर, तिथी, नक्षत्र व वार ही चार अंगे परस्परांना साक्ष देतात. लेखनिकाकडून एखादा आकडा चुकला असता, तर या साखळीचा एखादा तरी दुवा तुटला असता.

येथे महाराष्ट्रातील अमान्त मासगणनाही ध्यानात घ्यावी लागते. आपला फाल्गुन वद्य पक्ष हा उत्तरेतील पौर्णिमान्त रीतीने चैत्र कृष्ण पक्ष होय. पौर्णिमान्त रीत गृहीत धरणाऱ्या कोष्टकात किंवा आज्ञावलीत ‘फाल्गुन कृष्ण ३’ एवढेच घातले, तर उत्तर सुमारे एक महिना अलीकडे सरकते आणि वारच जुळेनासा होतो. नोंदीत वार नसता, तर ही चूक उघडकीस आली नसती.

राज्याभिषेक : दोन तिथी, दोन वार, एकच क्षण

राज्याभिषेकाची मिती सर्वत्र ज्येष्ठ शुद्ध १३, शके १५९६ अशी दिली जाते आणि तारीख ६ जून १६७४, शनिवार. जेधे शकावलीत मात्र आनंद संवत्सरातील ज्येष्ठ शुद्ध १२, शुक्रवार असे असून पुढे २१ घटी ३४ पळे हा आकडा येतो. रात्र तीन घटिका उरली असता महाराज सिंहासनावर बसले, असा आशय आहे. प्रथमदर्शनी तिथी व वार दोन्ही एकेका दिवसाने मागे असल्याचे दिसते आणि शकावलीवर अविश्वास दाखवण्याचा मोह होतो. तो अनाठायी आहे.

पारंपरिक दिवस सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत मोजला जातो व त्याला सूर्योदयाच्या वेळी चालू असलेल्या तिथीचे नाव मिळते. शुक्रवारी सूर्योदयास द्वादशी होती. म्हणून तो दिवस द्वादशीचा. ती तिथी त्या दिवशी २१ घटी ३४ पळांपर्यंत होती. एक घटी २४ मिनिटांची व एक पळ २४ सेकंदांचे, हे लक्षात घेता सूर्योदयानंतर सुमारे ८ तास ३७ मिनिटांनी, म्हणजे दुपारी दोनच्या सुमारास, द्वादशी संपून त्रयोदशी लागली. अभिषेकाचा क्षण रात्र तीन घटिका उरली असतानाचा, म्हणजे पुढच्या सूर्योदयापूर्वी ७२ मिनिटांचा. परंपरेने तो अद्याप शुक्रवार; चालू तिथी मात्र त्रयोदशी; आणि मध्यरात्री वार बदलणाऱ्या युरोपीय गणनेने तो शनिवार, ६ जून. तिन्ही विधाने एकाच क्षणाची आहेत. घटी-पळांचे आकडे ‘अनावश्यक तपशील’ म्हणून गाळले असते, तर दोन साधनांत विरोध आहे असा निष्कर्ष निघाला असता व त्यावर एखादा निष्फळ वाद उभा राहिला असता.

शुहूर सनाची किल्ली

मावळातील देशमुख, देशपांडे, पाटील यांच्या कागदांत शकापेक्षा शुहूर सन अधिक भेटतो. त्याचे वर्ष सूर्य मृग नक्षत्रात प्रवेश करतो तेव्हा बदलते. म्हणून त्यास मृगसाल असेही म्हणतात. शेतीच्या व वसुलीच्या व्यवहाराला ही गणना सोयीची होती. वर्षाचा आकडा अरबी संख्यावाचकांनी लिहिला जातो : इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस, सीत, सबा, समान, तिसा ही एकपासून नऊपर्यंतची नावे, अशर म्हणजे दहा, अशरीन वीस, सलासीन तीस, अर्बैन चाळीस, खमसैन पन्नास, सितैन साठ, सबैन सत्तर, समानीन ऐंशी, तिसैन नव्वद, मया म्हणजे शंभर आणि अलफ म्हणजे हजार. ‘खमस सबैन अलफ’ म्हणजे १०७५. मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवले की इसवी सन मिळतो. १०७५ मध्ये ५९९ मिळवून १६७४ येते. राज्याभिषेक याच शुहूर वर्षात पडतो.

मोडी वाचनात सलास व सलासीन, सबा व सबैन, समान व समानीन या जोड्या सहज घोटाळ्यात टाकतात. एका अक्षराच्या चुकीने वर्ष दशकांनी हलते. दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. वर्ष सौर असले तरी महिना व तारीख बहुधा हिजरी चांद्र पद्धतीची असते; तारखेपूर्वीचे ‘छ’ हे अक्षर ‘चंद्र’ या शब्दाचा संक्षेप होय. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे व सौर वर्ष ३६५ दिवसांचे असल्यामुळे प्रत्येक शुहूर वर्षात सुमारे अकरा हिजरी तारखा दोनदा येतात, एकदा वर्षारंभी व एकदा वर्षाखेरीस. अशा तारखेचे उत्तर एक नसून दोन असते. कागदात वार किंवा अन्य संदर्भ नसेल, तर दोन्ही पर्याय नोंदवणे हेच प्रामाणिकपणाचे ठरते. कोणतीही कोष्टके वा आज्ञावली यातले एकच उत्तर देत असतील, तर त्यांनी निवड अभ्यासकाच्या नकळत केलेली असते.

कोष्टके ते आज्ञावली

शंकर बाळकृष्ण दीक्षित आणि रॉबर्ट सेवेल यांचा भारतीय कालगणनेवरील इंग्रजी ग्रंथ १८९६ मध्ये प्रसिद्ध झाला. स्वामिकन्नू पिळ्ळै यांची विस्तृत कोष्टके १९२२ मध्ये आली. मराठी अभ्यासकांनी जंत्र्यांचा आधार घेतला. जंत्री ही एक प्रकारे कागदावरील आज्ञावलीच आहे. तिच्यात कोणता सिद्धांत वापरला, मास अमान्त की पौर्णिमान्त, वर्ष गत की वर्तमान, कोणत्या स्थळाचा सूर्योदय धरला, याची गृहीतके असतात. चांगल्या जंत्रीच्या प्रस्तावनेत ती सांगितलेली असतात. संगणकीय आज्ञावलीत ती बहुधा दृष्टीआड असतात.

याचे सोपे उदाहरण लिनक्स या संगणकप्रणालीत मिळते. तिच्यात महिन्याचे पान दाखवणारी ‘कॅल’ आणि एखाद्या तारखेचा वार सांगणारी ‘डेट’ अशा दोन आज्ञा आहेत. ‘कॅल’ सामान्यतः ब्रिटिशांनी सप्टेंबर १७५२ मध्ये केलेली सुधारणा गृहीत धरते. त्या महिन्यात २ तारखेनंतर एकदम १४ तारीख येते आणि त्यापूर्वीच्या साऱ्या तारखा ज्यूलियन पद्धतीने दाखवल्या जातात. ‘डेट’ मात्र आजची ग्रेगोरियन पद्धतच मागे अनंत काळापर्यंत लावते. परिणामी १९ फेब्रुवारी १६३० या तारखेचा वार एकीकडे शुक्रवार व दुसरीकडे मंगळवार मिळतो. यंत्र एकच, उत्तरे दोन. जेधे शकावलीतील वार माहीत असणाऱ्याला कोणते उत्तर ग्राह्य, हे तत्काळ कळते. ग्रेगोरियन पद्धतीने तोच दिवस १ मार्च १६३० हा होतो व त्याचा वार शुक्रवारच राहतो. सतराव्या शतकात दोन पद्धतींत दहा दिवसांचे अंतर होते. पोर्तुगालने १५८२ मध्येच नवी पद्धत स्वीकारली असल्याने त्याच्या कागदांतील तारखा इंग्रजी वखारींच्या कागदांपेक्षा दहा दिवस पुढे असतात. शिवाय इंग्रजांचे वर्ष त्या काळी २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे फेब्रुवारी १६३० ही त्यांच्या लेखी १६२९ मध्ये मोडे.

जुन्या संगणकांची मर्यादा याहून मोठी होती. युनिक्स परंपरेत काळ १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत मोजतात. ३२ अंशांच्या आकड्यात तो साठवला, तर मागे १३ डिसेंबर १९०१ आणि पुढे १९ जानेवारी २०३८ यांपलीकडे जाता येत नाही. अशा रचनेवर आधारलेल्या दिनदर्शिकेत शिवकालीन मिती तारीख म्हणून साठवताच येत नसे. ती टिपेच्या मजकुरात तरी लिहावी लागे किंवा खोट्या वर्षाखाली तरी घालावी लागे. अशी नोंद नंतर उघडणाऱ्यास तो आडमार्ग ठाऊक नसेल, तर माहिती मिळूनही अर्थ हरवतो.

कालबाह्य आज्ञावलीतील नोंदी

१९९० च्या दशकात युनिक्स व लिनक्सवर संजय घेमावत यांची ‘आयकॅल’ ही दिनदर्शिकेची आज्ञावली वापरात होती. तिच्याशी काहीही संबंध नसलेली अॅपल कंपनीची त्याच नावाची आज्ञावली २००२ मध्ये आली आणि २०१२ मध्ये तिचे नाव बदलले गेले. जुन्या फाइलवर केवळ नाव पाहून ती कोणत्या आज्ञावलीची हे ठरवणे, म्हणजे कागदावर नुसते ‘सन’ पाहून तो शुहूर की फसली हे ठरवण्यासारखे आहे. सुदैवाने घेमावत यांच्या आज्ञावलीतील नोंदी साध्या मजकुराच्या रूपात साठवल्या जात. अशी फाइल मूळ आज्ञावली चालत नसली तरी कोणत्याही मजकूर-संपादकात उघडून वाचता येते. ज्या आज्ञावल्या माहिती केवळ स्वतःलाच कळेल अशा बंदिस्त रूपात ठेवतात, त्यांच्या बाबतीत ही सोय उरत नाही.

मराठी मजकुराच्या बाबतीत लिपीचा प्रश्नही येतो. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी अनेक मराठी टंक इंग्रजी अक्षरांच्याच जागा वापरत. तो टंक संगणकावर नसेल, तर ‘फाल्गुन वद्य’ हे शब्द निरर्थक रोमन चिन्हांच्या रूपात दिसतात. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे मानक १९९१ मध्ये निश्चित झाले; युनिकोडमध्ये देवनागरी त्याच वर्षापासून आहे; मोडी लिपीला मात्र २०१४ पर्यंत थांबावे लागले. मोडीचे लिप्यंतर करताना ज्याप्रमाणे लेखनिकाचे वळण ओळखावे लागते, त्याचप्रमाणे येथे टंकाचे वळण ओळखून अक्षरे परत बसवावी लागतात. आकडे बहुधा वाचतात, संवत्सर-नक्षत्रांची नावे जातात. म्हणजे पडताळ्याची साधनेच प्रथम नष्ट होतात.

दिनदर्शिकांच्या देवघेवीसाठी ‘आयकॅलेंडर’ हे मानक १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले व २००९ मध्ये सुधारले गेले. दरवर्षी येणारी घटना त्यात तारखांच्या यादीऐवजी नियमाच्या रूपाने साठवता येते. २०१५ च्या एका पुरवणीने ग्रेगोरियनेतर गणनांचेही नियम लिहिण्याची वाट खुली केली. तथापि ज्या नामसूचीवर ती पुरवणी आधारलेली आहे, तिच्यातील ‘भारतीय’ गणना म्हणजे १९५७ मध्ये स्वीकारलेली राष्ट्रीय सौर दिनदर्शिका. पंचांगातील चांद्र-सौर शक नव्हे. त्यामुळे ‘दरवर्षी फाल्गुन वद्य तृतीया’ हा मराठी माणसाला सहज कळणारा नियम या मानकात आजही थेट लिहिता येत नाही. शिवजयंती शासकीय पातळीवर १९ फेब्रुवारीस आणि अनेक ठिकाणी तिथीने साजरी होते. यांपैकी पहिलीच तेवढी यंत्राला नियम म्हणून समजते.

पुनर्प्राप्तीची शिस्त

वरील विवेचनावरून काही सूत्रे हाती येतात. पहिले, मूळ नोंद तशीच राखली पाहिजे. रूपांतरित तारीख तिच्या शेजारी लिहावी, तिच्या जागी नव्हे. कागदाच्या बाबतीत हा संपादनाचा जुनाच संकेत आहे. फाइलच्या बाबतीत तो मूळ प्रतीला हात न लावता नकलेवर काम करण्याचा होतो. दुसरे, रूपांतर कोणत्या गृहीतकांवर केले, हे प्रत्येक नोंदीसोबत सांगितले पाहिजे : ज्यूलियन की ग्रेगोरियन, अमान्त की पौर्णिमान्त, कोणती जंत्री किंवा कोणती आज्ञावली. तिसरे, वार, संवत्सर, नक्षत्र, घटी-पळे ही ‘जादा’ माहिती नसून पडताळ्याची अंगे आहेत. नोंदवहीत त्यांना स्वतंत्र रकाने हवेत.

चौथे सूत्र मध्यस्थ गणनेचे आहे. जोसेफ स्कॅलिजर याने १५८३ मध्ये मांडलेल्या ज्यूलियन कालखंडावर आधारलेली, इसवी सनापूर्वी ४७१३ पासूनची अखंड दिनसंख्या ही कोणत्याही पंथाच्या वा राज्याच्या दिनदर्शिकेला बांधलेली नाही. शिवजन्माचा दिवस २३१६४६५ आणि राज्याभिषेकाचा, ६ जूनचा, दिवस २३३२६४३. दोहोंतील अंतर १६१७८ दिवस. या आकड्याला सातने भागून उरणारी बाकी थेट वार देते : बाकी शून्य तर सोमवार, चार तर शुक्रवार, पाच तर शनिवार. पहिल्या आकड्याची बाकी चार, दुसऱ्याची पाच. कोणतीही जंत्री किंवा यंत्र हाताशी नसताना हा पडताळा कागदावर करता येतो.

भोर संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले. वतने गेली आणि वतनाच्या पुराव्यासाठी दप्तर राखण्याची निकडही त्यासोबत संपली. मावळातील घरांत असलेले रुमाल आज कोणत्याही व्यवहारासाठी उघडावे लागत नाहीत. ते छायाचित्रित करून संगणकात उतरवले जात असतील, तर त्यांच्या सूचीत केवळ इसवी सनाचा एक रकाना ठेवणे म्हणजे जेध्यांच्या लेखनिकाने काळजीपूर्वक लिहिलेले संवत्सर, वार आणि घटका पुसून टाकणे होय. ज्या नोंदीने शिवजन्माचा वाद निकालाच्या दिशेने नेला, ती तिच्यातील या चार-पाच लहान शब्दांमुळेच समर्थ ठरली. कालनोंदीची पुनर्प्राप्ती म्हणजे तारीख काढणे एवढेच नव्हे. ती तारीख पुन्हा तपासण्याची शक्यता पुढच्या अभ्यासकासाठी शिल्लक ठेवणे, हा तिचा आवश्यक भाग आहे.